पुढचं तेल

गवत कापून झालं होतं आणि सगळं वर माळावर पडलं होतं. छान वाळलं होतं, मुठीत धरलं की कुरकुर वाजत होतं, आणि आभाळ मात्र रोज थोडं थोडं भरत चाललं होतं. एक सर जरी आली असती तरी ते काळं पडलं असतं, आणि मग गोठ्यातल्या गाईंपुढे काय टाकायचं हा प्रश्न होता. घरात माणसं तीन. म्हाताऱ्याला नीट दिसत नव्हतं, म्हातारीचा गुडघा चढाचं नाव काढलं की कुरकुरायचा. उरली सून. ती उजाडल्यापासून डोक्यावर भारा घेऊन माळ उतरत होती. तिची मान आखडली होती, गवताच्या काड्या मानेवर टोचून तिथं लाल चट्टे उठले होते, आणि वर बघितलं तर माळ जसाच्या तसा भरलेला.

दुपारी ती भारा टाकून पायरीवर बसली. सासूनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "ह्यांना सांग, जेवून घ्या म्हणावं."

'हे' तिच्यापासून दोन हातांवर खाटेवर बसले होते. म्हाताऱ्याला दिसत कमी होतं, ऐकू चांगलं येत होतं. तरीही सून म्हणाली, "मामा, जेवून घ्या म्हणतात." आणि म्हातारा तिलाच म्हणाला, "येतो म्हणावं." मग सुनेनं सासूला सांगितलं, येतात म्हणून. तीन माणसांच्या घरात निरोप्याचं काम करायची तिला आता इतकी सवय झाली होती की त्यात काही वेडेपणा आहे हेही तिच्या ध्यानात येत नसे.

लेक गेल्यापासून म्हातारी नवऱ्याशी बोलत नव्हती. लेक गेला तो ह्याच माळाच्या चढावर. कुंपणाचे खांब घेऊन तो वर निघाला होता, बोकडावरून. बोकड म्हणजे त्यांची चार जाड चाकांची ती गाडी. वर बसायचं, दांडा धरायचा आणि रस्ता नसेल तिथूनही जायचं. कुठंही चढते म्हणून त्यानंच तिला बोकड नाव ठेवलं होतं. त्या दिवशी गवत ओलं होतं. मध्यावर मागची चाकं फिरायला लागली, पुढच्यांनी ओढलं नाही, गाडी तिरकी होऊन मागे घसरली आणि त्याच्यावर उलटली. लोकांनी विचारलं, असं कसं झालं, हा तर रोजचाच चढ. तेव्हा म्हातारा सगळ्यांसमोर म्हणाला, "पुढच्या चाकांचं बटण दाबायला विसरला."

लोकांना कारण मिळालं की ते घरी जातात. तसे ते गेले. वेंधळेपणा नडला, असं म्हणत गेले. म्हातारीनं मात्र ते धरून ठेवलं. जो पोरगा कधी गोठ्याची कडी लावायला विसरला नाही तो बटण विसरला, आणि हे कोण म्हणतं, तर त्याचा बाप. मेलेल्या लेकावर आळ घेतला, एवढंच ती म्हणाली आणि तिनं तोंड फिरवलं.

सुनेची गत आणखी वाईट होती. तिनं सासऱ्याचं खरं मानलं होतं. त्यामुळे ती नुसती रडू शकत नव्हती, भांडतही होती. भाकऱ्या करताना, धार काढताना ती मनातल्या मनात नवऱ्याला विचारायची, एवढंसं बटण, अंगठ्याखालचं, ते दाबायला तुला काय झालं होतं? माणूस मेला तरी त्याच्यावरचा राग जात नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या रागाची तिला लाज वाटायची, आणि तो जायचाही नाही.

पायरीवर पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "मामा, मी बोकड बाहेर काढते."

म्हाताऱ्याच्या हातातला घास थांबला. "नको," तो म्हणाला. "ते भंगार आहे. कुणी नेलं तर देऊन टाकू."

"मग गवत कोण आणेल?"

म्हाताऱ्यानं घास परत ताटात ठेवला. म्हातारीनं ताट उचललं आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "काढू दे. माणूस गेलं, गाई तरी जगू देत."

शेडमध्ये ताडपत्रीवर कोंबड्यांनी मनसोक्त घाण करून ठेवली होती. ताडपत्री ओढल्यावर खाली बोकड होतं तसंच होतं. एका बाजूचा दांडा वाकलेला, दिव्याची काच गेलेली, पुढच्या जाळीत अजून माती आणि गवत अडकलेलं. ती माती कुठली ते तिला कळलं. तिनं ती बोटांनी उकरून काढली आणि बराच वेळ मुठीत धरून उभी राहिली. शेवटी ती कोपऱ्यात टाकून तिनं हात पुसले.

वाड्यावस्त्यांवर फिरून पंक्चर काढणारा टायरवाला दुसऱ्या दिवशी आला. त्यानं चाकांत हवा भरली, बॅटरी चार्ज करून आणली, दांडा पाइप घालून सरळ केला. तोंडाचा फटकळ माणूस. एरवी तो ह्या घरात आला की लेकाची थट्टा करायचा, तुझं बोकड एक दिवस झाडावर चढेल म्हणायचा. आज तो मान खाली घालून पाने चालवत होता. गाडी दुसऱ्याच दणक्याला सुरू झाली तेव्हा सगळ्यांनाच दचकल्यासारखं झालं. म्हातारी घरातून दारापर्यंत आली आणि तिथूनच परत फिरली.

"आता बघू पुढची चाकं," टायरवाला म्हणाला.

शेडच्या मागे न्हाणीचं पाणी साचून चिखल झालेला होता. त्यानं सुनेला गाडी अशी उभी करायला सांगितली की मागची चाकं चिखलात आणि पुढची एका आडव्या ओंडक्याला टेकलेली. तिनं अंगठ्यानं बटण दाबलं. दोनदा बघितलं दाबलं आहे ना. मग गॅस दिला. मागच्या चाकांनी चिखल टायरवाल्याच्या अंगावर उडवला, आणि पुढची दोन्ही ओंडक्याला नाक लावून गप्प उभी.

तिनं अंगठ्याखाली पुन्हा बघितलं. बटण दाबलेलं होतं. बटण दाबलं होतं आणि चाकं ओढत नव्हती.

"पडल्यावर काहीतरी तुटलं असेल," टायरवाला तोंड पुसत म्हणाला. तो आपला सहज बोलला, पण म्हाताऱ्यानं ते लगेच उचललं. तेच असेल, पडल्यावरच बिघडलं असेल, आता ह्याच्यामागे लागण्यात अर्थ नाही, असं तो भराभरा बोलत सुटला. एवढं बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता.

टायरवाल्यानं फ्यूज बघितला, चांगला होता. दोन वायरी जोडलेला बल्ब घेऊन तो गाडीखाली शिरला आणि पुढच्या डिफरन्शियलकडे जाणाऱ्या वायरीला त्यानं तो लावला. ती बटण दाबायची, बल्ब लागायचा. ती सोडायची, बल्ब जायचा. डिफरन्शियल म्हणजे दोन चाकांच्या मधला गिअरचा डबा, पुढे एक आणि मागे एक. पुढच्या डब्यात कॉइल असते. बटण दाबलं की तिचं लोहचुंबक होतं, ते आतली पातळ पत्री ओढून धरतं आणि मग चाकं जोडली जातात. त्यानं पेचकस डब्याला लावला तर तो चिकटून राहिला.

"वीज येते, कॉइल ओढते," तो बाहेर येत म्हणाला. "म्हणजे आत काहीतरी आहे. तेल काढून बघा. चुरा निघाला तर गिअर गेले. नुसतं तेल खराब असेल तर नशीब." त्याला पुढच्या वस्तीवर जायचं होतं. गाडी शेडमध्ये ढकलून, पाने इथंच ठेवून तो गेला.

म्हातारा तोवर शेडच्या दारात येऊन उभा होता. "तू घरात जा," तो म्हणाला. "तेल मी काढतो."

"तुम्हाला बोल्ट दिसणार नाही, मामा."

"हाताला दिसतो."

ते खरंही होतं. नजर मंदावल्यावर म्हाताऱ्यानं सगळी हत्यारं हातांच्या ओळखीची करून टाकली होती. फळीवर तेलाच्या दोन सारख्या काळ्या बाटल्या असायच्या. एकीत पुढच्या डब्याचं पातळ तेल, दुसरीत मागच्याचं जाड. घोटाळा नको म्हणून पुढच्या तेलाच्या बाटलीच्या गळ्याला सुतळी बांधलेली. दोरीची पुढं, मोकळी मागं. बापलेक हे इतक्यांदा म्हणायचे की जेवताना लोणच्याच्या दोन बरण्या पुढे आल्या तरी लेक विचारायचा, ह्यातली दोरीची कुठली.

ती घरात गेली नाही. डब्याखाली जुनी परात सरकवून ती आडवी झाली आणि तिनं पाना लावला. बोल्ट घट्ट होता. पाय भिंतीला लावून तिनं जोर दिला, बोटांची सालं निघाली, तेव्हा तो सुटला. म्हातारा जवळच उकिडवा बसून होता. त्याच्या श्वासाचा आवाज तिला गाडीखाली ऐकू येत होता.

तेल आलं ते ओघळत आलं. सावकाश, मधासारखं, जाड तार धरून. चुरा नव्हता, पाणी नव्हतं. तिनं बोटावर घेतलं, अंगठ्यानं चोळलं, वास घेतला. त्या उग्र वासानं तिचं डोकं भणाणलं. तो वास नवऱ्याच्या कपड्यांना यायचा, मागच्या चाकांचं काम केलं की. धुताना तिला नको व्हायचा.

"मामा, हे मागचं तेल आहे."

म्हाताऱ्यानं चाचपत परात आपल्याकडे ओढली.

"पुढच्या डब्यात मागचं जाड तेल आहे. ह्यात ती पत्री हलेल तरी कशी? बटण दाबलं काय आणि न दाबलं काय." ती गाडीखालून बाहेर आली. "आदल्या दिवशीच तुम्ही दोघांनी तेल बदललं होतं. मी धारेला बसले होते."

"माझी चूक," म्हातारा म्हणाला. "मला दिसत नाही. बाटल्या मी दिल्या त्याच्या हातात."

आणि मग ती बोलली. ह्या घरात आल्यापासून सासऱ्यासमोर तिनं कधी आवाज चढवला नव्हता, आजही चढवला नाही, पण जे बोलली ते आवाज चढवण्यापेक्षा वाईट होतं. चूक तुमची आणि नाव त्याचं घेतलंत, म्हणाली. लोकांनी त्याला वेंधळा म्हटलं, तुम्ही ऐकून घेतलंत. आत्यांनी तुमचं तोंड बघायचं सोडलं, तेही सोसलंत, पण खरं बोलला नाहीत. आणि मी, मी रोज त्याच्याशी भांडत राहिले. मेलेल्या माणसाला मी रोज शिव्या दिल्या, मामा.

म्हाताऱ्यानं मान खाली घालून ते सगळं घेतलं. एखाद्या गोष्टीची वाट बघत बसलेला माणूस ती आल्यावर बसतो, तसा तो बसून राहिला. तिला त्याचाही राग आला. बोलून बोलून ती दमली. आभाळ तर थांबणार नव्हतं, काम होतंच. ती उठली आणि फळीकडे हात केला.

"ती नको," म्हातारा म्हणाला. "मोकळी घे."

तिचा हात दोरीच्या बाटलीवर होता. "दोरीची पुढं ना?"

म्हाताऱ्यानं मोकळ्या बाटलीसाठी हात पुढे केला.

तिनं बाटली उजेडात आणली. गळ्याला सुतळी नव्हती. निळ्या कापडाची पट्टी होती, दुहेरी गाठ मारून टोक आत खोचलेली. अशी गाठ ह्या घरात कुणी मारत नसे. तिचे वडील तंबू शिवायचे, तिथं ती शिकली होती. आणि निळं कापड नवऱ्याच्या सदऱ्याचं होतं. तेल बदललं त्याच्या आधी तिनं फळी आवरायला काढली तेव्हा सगळं तेलकट, चिकट झालेलं होतं. तिनं बाटल्या गरम पाण्यानं स्वच्छ धुतल्या होत्या, घाणेरडी सुतळी चुलीत टाकली होती, आणि पुसून फळीवर ठेवल्यावर जुन्या सदऱ्याची पट्टी फाडून डावीकडच्या बाटलीला बांधली होती. दोरीची बाटली नेहमी डावीकडेच असायची. धुताना त्यांची जागा बदलली असेल, असं तिच्या मनातही आलं नव्हतं. संध्याकाळी तो हसला होता. माझा सदरा फाडून बाटलीला घातलास, आता तिला टोपी शीव, म्हणाला होता. तिनं त्याला पाठीत धपाटा घातला होता.

तिनं बाटली खाली ठेवली. ठेवताना ती कलंडली, आणि तिला ती उचलता येईना.

म्हातारा बोलायला लागला, जमिनीकडे बघत. "गाडी शेडमध्ये आणून टाकली तेव्हा मी दांडा चाचपला. बटण दाबलेलं होतं. मग वरचं बूच काढलं, आत बोट घातलं. जाड लागलं. म्हणून बाटली हातात घेतली. गाठ तुझी आहे हे मला कळलं. म्हणून मीच बटण बंद केलं आणि बाहेर जाऊन तसं सांगितलं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तो तर गेलाच होता. तुला कशाला घालवायचं?" मग म्हणाला, "तुझी एकटीची नाही चूक. त्याला देताना हाताला चिंधी लागली होती. सुतळी नाही, चिंधी आहे, एवढं कळलं होतं मला. विचारलं नाही. दोरीची म्हणून दिली, आणि अंधारात त्यानंही तशीच ओतली."

ती रडली ती अशी की तिला शेडचा खांब धरावा लागला. इतके दिवस रागानं अडवून धरलेलं सगळं एकदम आलं. म्हातारा उठून जवळ आला, पण सुनेच्या अंगाला हात कसा लावायचा हे त्याला कळेना. त्यानं तिच्या केसांतल्या गवताच्या काड्या तेवढ्या चाचपून काढल्या.

पुढे दोघांनी काम केलं. मोकळ्या बाटलीतलं थोडं पातळ तेल डब्यात घालून त्यांनी चाकं हातानं फिरवली, ते काढलं, आणि मग बोल्ट आवळून पुन्हा भरलं, बुचाच्या कडेशी येईपर्यंत. ती ओतत होती, तो बोट लावून सांगत होता, बस. गाडी पुन्हा ओंडक्याला टेकवली. तिनं बटण दाबलं, गॅस दिला. मागची चाकं जराशी फिरली आणि लगेच पुढच्यांनी ओंडक्यावर पंजा मारला. बोकड चढून पलीकडे गेलं. इतक्या सहज गेलं की तिला ते बघवेना.

"हिला काही सांगू नकोस," म्हातारा म्हणाला. "मला सवय झाली आहे."

दुसऱ्या दिवशी तिनं मागे गाडा जोडला आणि गवत आणायला सुरुवात केली. पहिल्या खेपेला त्या जागेवरून जाताना तिचे हात दांड्यावर लाकडासारखे झाले होते. गवत तिथं पुन्हा उगवलं होतं. पुढची चाकं मातीत रुतत, ओढत, वर गेली. म्हातारा खाली उतरणीशी उभा होता, गाडीच्या आवाजाकडे कान लावून. खेपेमागून खेप खाली येत राहिली. म्हातारी गुडघा चोळत गवत रचत होती. दिवस कलायला आला, वारा सुटला, पहिले थेंब पडले तेव्हा शेवटचा गाडा गोठ्यात शिरत होता.

म्हातारी गाडीजवळ आली. तिनं बोकडाला हात लावला, दुरूनच लावल्यासारखा. मग वाकून तिनं ते बटण बघितलं, आणि बोटानं दाबून बघितलं.

"एवढंसं आहे," ती म्हणाली. "हे दाबलं की चढते. डोळ्यांनी बघितलं आज." तिचा चेहरा हळूहळू सुटत गेला, आणि ती वळून थेट नवऱ्याकडे बघत म्हणाली, "तुमचं खरं होतं म्हणायचं. विसरलाच असेल माझा लेक. मी उगाच तुमच्यावर डूख धरला."

म्हाताऱ्याचे ओठ हलले. इतक्या दिवसांनी ती त्याच्याशी बोलली होती. तो सुनेकडे वळला, आणि त्या मंद डोळ्यांत काय होतं ते तिला स्वच्छ दिसलं. गप्प राहा. आता सगळं नीट होतंय. गप्प राहा.

गप्प राहणं किती सोपं होतं. म्हातारा-म्हातारी पुन्हा बोलायला लागली असती, तिला कुणी काही म्हटलं नसतं, लोक तर केव्हाच विसरून गेले होते. फक्त तो तेवढा वेंधळा राहिला असता, कायमचा, आणि आता त्याच्या आईच्याही मनात.

"बटण दाबलेलं होतं, आत्या," ती म्हणाली.

तिनं सगळं सांगितलं. बाटलीवरून सोडून कमरेला खोचलेली निळी चिंधी काढून सासूच्या हातावर ठेवली. म्हातारा मध्ये बोलायला गेला, चिंधी मीही हातानं बघितली होती म्हणाला, पण म्हातारीनं हात वर करून त्याला थांबवलं. ती चिंधी उलटसुलट करून बघत होती. तो सदरा तिनंच शिवला होता.

"म्हणजे विसरला नव्हता," ती म्हणाली.

"नाही."

"विसरला नव्हता माझा लेक." हे ती नवऱ्याला म्हणाली. मग चिंधी मुठीत घेऊन घरात गेली. पाऊस पत्र्यावर वाजायला लागला होता, त्यामुळे आत ती रडते आहे की नाही ते दोघांनाही कळलं नाही.

सुनेनं गाईंना गवत घातलं, धारा काढल्या, गाडा धुतला. करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा ती दारात पायरीवर येऊन बसली. घरात दिवा लागला होता. म्हातारा ताटावर बसला होता आणि म्हातारी त्याला वाढत होती, भाजी आणखी घ्या म्हणत होती. सून तिच्यापासून दोन हातांवर होती.

म्हातारीनं तिसरं ताट वाढलं आणि भिंतीकडे बघत नवऱ्याला म्हणाली, "तिला सांगा, जेवून घे म्हणावं."